हिरव्या काचेला उजेड पाठीमागून हवा : ल्योंमधल्या एका घराचं प्रकरण

फ्रान्समधल्या ल्यों शहरात दोन टेकड्या आहेत. फूरव्हिएरला लोक प्रार्थना करणारी टेकडी म्हणतात आणि क्र्वा-रूसला काम करणारी. हे प्रकरण काम करणाऱ्या टेकडीवरचं आहे. १९व्या शतकात इथे रेशीम विणणाऱ्या कारागिरांसाठी, म्हणजे 'कान्यूं'साठी, खास इमारती उभ्या राहिल्या. नक्षीदार कापड विणणारा जॅकार्डचा माग उंच असतो. तो उभा राहावा म्हणून छत जवळपास ४ मीटर उंच ठेवलं, आणि बारीक धागा नीट दिसावा म्हणून खिडक्या थेट छताकडे चढत नेल्या. वर उघड्या लाकडी तुळया, एका कोपऱ्यात झोपण्यापुरता पोटमाळा. माग केव्हाच गेले, पण घरांचा सांगाडा तोच राहिला. आज तिथे भाड्याने राहणाऱ्या माणसाला पहिल्याच दिवशी जाणवतो तो उजेड.

मूळचं पुण्याचं एक कुटुंब अशाच घरात राहतं. नवरा-बायको दोघंही औषधनिर्मितीच्या क्षेत्रात, सात वर्षांची मुलगी, आणि वर्षातले काही महिने येऊन राहणाऱ्या सासूबाई. मी अंतर्गत सजावटीचं काम करते. ओळखीतून त्यांचा फोन आला. बाई म्हणाल्या, "ताई, आम्ही इतक्या सुंदर बाटल्या जमवल्यात, पण त्या मांडल्यापासून घर अंधारं वाटायला लागलंय. लोक आले की विचारतात, हे गोदाम आहे का?"

बाटल्या साठाच्या आसपास होत्या. फ्रान्समध्ये वसंतापासून शरदापर्यंत गावोगावी, गल्लोगल्ली 'व्हिद-ग्रेनिए' भरतात. माळ्यावरचं सामान लोक रविवारी रस्त्यावर आणून विकतात. शिवाय ल्योंला लागून असलेल्या व्हिलर्बानमध्ये जुन्यापुराण्या वस्तूंचा बाजार भरतो. दोघांना तिथे जायची गोडी लागली, आणि एकेक करत वाइनच्या, लिमोनादच्या, औषधांच्या, सोड्याच्या बाटल्या घरी आल्या. दर रविवारी दोन-चार वाढत गेल्या आणि बैठकीच्या खोलीतली गडद राखाडी भिंत पाच फळ्यांनी भरून गेली. ही भिंत खिडकीच्या शेजारी, तिच्याशी काटकोनात आहे. खिडकी आग्नेयेला. एवढी माहिती हातात आली आणि अर्धं उत्तर मला दिसलं.

त्या फळ्यांवर सगळ्यात जास्त होती ती जाड, हिरवी काच. जुन्या काचेचा हिरवा रंग बहुतेक वेळा मुद्दाम दिलेला नसतो. वाळूत लोह असतं, आणि ते वेगळं काढण्याची उठाठेव साध्या वाइनच्या बाटलीसाठी कोणी करत नसे. लोहाच्या अवस्थेप्रमाणे काच निळसर हिरवी होते किंवा पिवळट हिरवी. हा रंग दिसतो कधी, तर उजेड काचेतून आरपार जाऊन डोळ्यापर्यंत येतो तेव्हा. गडद भिंतीपुढे ठेवलेल्या बाटलीत उजेड शिरतो, भिंतीत मुरतो, परत येतच नाही. म्हणून ती काळी दिसते. अशा चाळीस काळ्या बाटल्या ओळीने उभ्या असल्या, की ४ मीटर उंचीच्या खोलीचाही कोंडवाडा होतो.

आणि गंमत अशी की ज्यांना ती भिंत खरोखर शोभली असती, त्या सोड्याच्या सायफन बाटल्या खिडकीच्या कट्ट्यावर होत्या. फ्रान्समध्ये घराघरात आणि कॅफेत 'ओ द सेल्त्झ', म्हणजे फसफसणारं सोड्याचं पाणी, पिण्यासाठी या दाबाच्या बाटल्या वापरत. वर धातूचं डोकं, दाबायची तरफ, आत लांब काचेची नळी. भरून देणाऱ्या लिमोनादवाल्याचं नाव आणि गाव काचेवर आम्लाने कोरलेलं असे, कारण बाटली परत त्याच्याकडेच जायची. आपल्याकडे गोटी सोड्याची बाटली जशी पिऊन झाल्यावर दुकानात परत द्यावी लागे, तसाच हा व्यवहार. कोरलेला भाग खरखरीत असतो, तो उजेड चहूकडे विखुरतो. पाठीमागे गडद रंग आणि बाजूने उजेड मिळाला, की ती अक्षरं पांढरीशुभ्र उठून येतात. खिडकीत मात्र पाठीमागून उजेडाचा लोट येतो आणि अक्षरं पुसल्यासारखी होतात. या घरात काही महिने कोणाला त्या बाटल्यांवरची गावांची नावं वाचताच आली नव्हती.

म्हणजे मुख्य काम अदलाबदलीचं होतं. हिरवं खिडकीकडे, कोरीव पांढरं राखाडी भिंतीकडे. पण त्याआधी साठ बाटल्यांतल्या कोणत्या ठेवायच्या हे ठरवायचं होतं.

सगळ्या बाटल्या जेवणाच्या टेबलावर आणि जमिनीवर चादर घालून मांडल्या, आणि एकेक हातात घेतली. जुनी बाटली ओळखायला मी पहिल्यांदा जोडरेघ बघते. साच्याच्या दोन भागांमधली ही रेघ बाटलीच्या अंगावरून वर चढते. ती मानेवर मध्येच विरून गेली असेल, तर तोंडाची कड नंतर हाताने घडवली आहे. रेघ थेट ओठावरून गेली असेल, तर बाटली यंत्रावरची. फ्रान्समध्ये कोन्याक गावच्या क्लोद बुशे यांनी १९व्या शतकाच्या शेवटी बाटली घडवणारं अर्धस्वयंचलित यंत्र बसवलं, आणि अमेरिकेत मायकेल ओवेन्स यांचं पूर्ण स्वयंचलित यंत्र २०व्या शतकाच्या सुरुवातीला आलं. त्यानंतर फुंकनळीवरची बाटली झपाट्याने मागे पडली. मग मी बाटली उलटी करते. बुडाच्या खळग्यात ओबडधोबड वण असेल, तर फुंकून झाल्यावर बाटली लोखंडी दांड्यावर धरली होती, त्या दांड्याच्या तुटीची ती खूण. बुडाच्या कडेला झीज हवी, आणि ती वेडीवाकडी हवी. शंभर वर्षं दगडी तळघरात सरकवलेल्या बाटलीवर ओरखडे एका दिशेने जात नाहीत.

बुडबुड्यांवर मी भरवसा ठेवत नाही. दक्षिणेतल्या बियो गावात १९५६ साली एक काचशाळा सुरू झाली आणि मुद्दाम बुडबुडे सोडलेली काच हीच तिची ओळख झाली. ती काच सुरेख असते, पण बुडबुडा दिसला म्हणजे बाटली आजोबांच्या काळातली, असं होत नाही. विकणारे मात्र बुडबुड्याकडेच बोट दाखवतात.

यजमानांच्या संग्रहातल्या चार 'अठराव्या शतकातल्या' बाटल्यांच्या बुडाजवळ उलट्या एप्सिलॉनची, म्हणजे 3 सारख्या दिसणाऱ्या ग्रीक अक्षराची, बारीक खूण निघाली. ही युरोपीय मापाची खूण १९७५च्या निर्देशानंतरची. म्हणजे त्या बाटल्या यजमानांच्याच वयाच्या. ते हिरमुसले. मी म्हटलं, रंग आवडतो ना, मग स्वयंपाकघरात तेलासाठी वापरा. फक्त जुन्यांच्या ओळीत नको. तिथे त्या शेजारच्यांची किंमत कमी करतात.

उलट ज्या बाटल्या त्यांनी कोपऱ्यात ढकलल्या होत्या, त्यांत खरा ऐवज होता. एक म्हणजे खांद्याभोवती उठावाचे तारे असलेल्या लिटरच्या बाटल्या. रोजच्या साध्या वाइनसाठी त्या अनामत घेऊन दिल्या जात आणि धुऊन पुन्हा भरल्या जात. फार जुन्या नाहीत, २०व्या शतकातल्या, आणि तळघरांतून अजून ढिगाने निघतात, म्हणून स्वस्त. पण सकाळच्या तिरप्या उन्हात त्या ताऱ्यांचा उठाव इतका देखणा दिसतो की मी महागड्या बाटल्या बाजूला ठेवून यांनाच खिडकी देते.

दुसरी म्हणजे 'पो लियोने', ल्योंच्या खाणावळींत आजही वाइन जिच्यात येते ती ४६ सेंटिलिटरची बाटली. बूड विलक्षण जाड, त्यामुळे टेबलावर हलत नाही. ४६ हा विचित्र आकडा का, याची एक कथा ल्योंमध्ये सांगतात. रेशीममालक विणकरांना अर्धा लिटर वाइन देणं लागत होते, त्यांनी बाटलीचं बूड जाड करून ४ सेंटिलिटर स्वतःसाठी राखले. कथा खरी की रचलेली हे सोडून देऊ, पण १८३१ आणि १८३४ साली याच टेकडीवरचे विणकर मजुरीच्या दरावरून रस्त्यावर उतरले होते, तेव्हा ती इथे रुजली यात नवल नाही. ज्या घरात माग चालत होता त्याच घरात ती बाटली ठेवायची, तर तिची जागा ठळकच हवी. खिडकीच्या अर्ध्या उंचीवर आडवी काचेची फळी घेतली, ती उभ्या लाकडी चौकटीवर टेकवली आणि चौकट जमिनीवर उभी केली. घर भाड्याचं, तुळयांना आणि जुन्या खिडकीला हात लावायचा नव्हता. त्या फळीवर सहा 'पो' आणि ताऱ्यांच्या तीन बाटल्या, मध्ये भरपूर मोकळी जागा. जाड बुडात उजेड साठतो आणि खाली लाकडी जमिनीवर हिरवट ठिपके पडतात.

मोठ्या पोटाच्या बाटल्यांचा प्रश्न वेगळा होता. त्यांना 'दाम-जान' म्हणतात. वाइन, तेल, मद्यार्क वाहून नेण्यासाठी या कित्येक लिटरच्या बाटल्या करत, आणि फुटू नये म्हणून त्यांना काड्यांची विणलेली टोपली घालत. इथे तीन होत्या, दोन टोपलीसकट, एक उघडी. सजावटीच्या दुकानांत हल्ली त्यांना फार मागणी आहे. त्यामुळे पुनर्वापराच्या काचेच्या नव्याकोऱ्या दाम-जानही 'अँटिक' म्हणून खपवल्या जातात. या तिन्ही खऱ्या होत्या. टोपलीतून उजेड जात नाही, तेव्हा त्या दोघींना खिडकीत ठेवून उपयोग नाही. त्या पोटमाळ्याखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात गेल्या. तिथे रंग लागत नाही, घाट पुरतो. उघडी दाम-जान खिडकीशेजारी जमिनीवर आली.

यजमानांना तिला भोक पाडून दिवा करायचा होता. मी ठाम नकार दिला. मोठ्या, असमान जाडीच्या हाताने फुंकलेल्या काचेत थंड होतानाचा ताण अडकून राहिलेला असू शकतो. ड्रिल लागला की ती कुठे तडकेल सांगता येत नाही. आणि तडकली नाही तरी एक न बदलता येणारी इजा झालीच. मान्य झालं ते असं: बाटलीच्या मागे जमिनीवर छोटा एलईडी दिवा, तोंड भिंतीकडे. भिंतीवर आपटून येणारा मऊ उजेड काचेतून पुढे येतो. दिवा आत घालण्यापेक्षा हे कितीतरी छान दिसतं, कारण आत घातलेल्या दिव्याची वायर आणि होल्डर नजरेला बोचतात.

त्या दाम-जानमध्ये बाईंनी शोभेसाठी निळ्या रंगाचं पाणी भरलं होतं. ते मी पहिल्याच भेटीत रिकामं करायला लावलं. पाण्याने भरलेली गोल काच भिंगासारखी ऊन एका बिंदूवर आणते, आणि मागे सुती पडदा होता. रिकामी बाटली सहसा हे करत नाही. उन्हाच्या खिडकीत जुन्या बाटल्या मांडणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते, कारण यातून खरोखर आगी लागलेल्या आहेत.

आणखी दोन धोके याच घरात होते. औषधाच्या एका तपकिरी बाटलीच्या तळाशी पांढरा खडा जमलेला होता. जुन्या औषधशाळांत पारा, आर्सेनिक यांची संयुगं सर्रास असत. तो खडा कशाचा आहे हे घरी तपासायची गोष्टच नाही. दोघं औषध क्षेत्रातले, त्यांना पटवावं लागलं नाही. बूच न उघडता ती बाटली घातक कचरा घेणाऱ्या केंद्रावर गेली. दुसरं, एका सायफनमध्ये अजून थोडं पाणी आणि दाब शिल्लक होता. दाबाखालची जुनी काच धक्क्याने फुटू शकते. म्हणूनच काही सायफनना पूर्वी तारेची जाळी घालत. टॉवेलात गुंडाळून, सिंकवर धरून, तरफ दाबून तो मोकळा केला. सायफनच्या डोक्याच्या धातूत शिसं असू शकतं, तेव्हा त्यातून कुणी सोडा पिणार नाही हेही ठरलं.

आता सासूबाई. त्या येणार म्हणून देवघर पूर्वेच्या कोपऱ्यात मांडलं होतं, आणि नेमकं त्याच्या डोक्यावरच्या फळीवर आब्सांतच्या बाटल्या होत्या. आब्सांत हे फ्रान्समध्ये १९१५ साली कायद्याने बंद झालेलं मद्य. त्यामुळे त्याआधीच्या बाटलीला संग्राहकांकडे मान. सासूबाई पहिल्या दिवशी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "बाटली रिकामी आहे हे मला दिसतंय गं. पण रोज दिवा लावताना वर दारूचं नाव कशाला वाचायचं?"

"काकू, तुम्ही म्हणता ते बरोबर आहे," मी म्हटलं, आणि ते समजूत घालण्यासाठी म्हटलं नव्हतं. घरातल्या एका माणसाला रोज खुपणारी वस्तू कितीही दुर्मिळ असली तरी ती जागा तिची नाही. आब्सांत पुस्तकांच्या कपाटात गेली. देवघराजवळ नारिंगीच्या फुलांच्या अर्काची एक छोटी निळी बाटली आली. ही निळाई कोबाल्टची, आणि हा अर्क फ्रेंच स्वयंपाकात गोड पदार्थांना लावतात. काकूंनी तिच्यात मनी प्लँटचा एक कोंब ठेवला. बाटली लहान, कोपऱ्यात थेट ऊन नाही, त्यामुळे पाण्याची चिंता नव्हती.

धुण्याबद्दल थोडं. क्षाराचा पांढरा थर कोमट पाणी आणि व्हिनेगरने रात्रभरात सुटतो. उरलेला जाडं मीठ आणि कच्चे तांदूळ घालून हलवला की निघतो. गरम पाणी नको, डिशवॉशर तर अजिबात नको. पण काही बाटल्या धुतल्यावर ओल्या असेपर्यंत लख्ख दिसतात आणि वाळल्या की पुन्हा धुरकट. तिथे काचेचा पृष्ठभागच वर्षानुवर्षांच्या ओलीने झिजलेला असतो. मला तो धुरकटपणा आवडतो. या घरात अशा तीन होत्या, त्या उत्तरेच्या छोट्या खिडकीत ठेवल्या. तिथल्या थंड उजेडात त्या मोत्यासारख्या दिसतात.

यादी तयार होताना एक गोष्ट लक्षात आली. कोरलेल्या आणि उठावाच्या नावांमध्ये रोन आणि लुआर खोऱ्यातली गावं पुन्हा पुन्हा येत होती. याला कारण आहे. ल्योंच्या दक्षिणेला सुमारे २० किलोमीटरवर जिव्होर, आणि पुढे रीव्ह-द-जिए. तिथे कोळसा होता, नदी होती, नंतर कालवा आला, आणि १८व्या शतकापासून काचभट्ट्या उभ्या राहिल्या. जिव्होरची राजमान्य काचशाळा १७४९ची. याच पट्ट्यातल्या सुशों-न्यव्हझेल या बाटल्या करणाऱ्या कंपनीचा १९६६ साली बुस्वा या सपाट काचेच्या कंपनीशी मिलाफ होऊन 'बेएसएन' झाली, आणि ती १९७३ साली जेर्व्हे-दानोनशी एक झाली. आज जगभर दह्याच्या डब्यांवर जे दानोन नाव दिसतं, त्या उद्योगसमूहाच्या मुळाशी अशी बाटलीची भट्टी आहे.

जिव्होरची शेवटची काचशाळा २००३ साली बंद झाली. त्यानंतर तिथल्या कामगारांनी आणि त्यांच्या कुटुंबीयांनी आपल्या कर्करोगांचा संबंध भट्टीजवळच्या कामाशी आहे हे मान्य व्हावं म्हणून वर्षानुवर्षं लढा दिला. हे मी त्या कुटुंबाला मुद्दाम सांगितलं. सुंदर हिरवी बाटली मांडताना ती कुणीतरी प्रचंड उष्णतेत उभं राहून काढली आहे, हे घरातल्या माणसांना माहीत असावं असं मला मनापासून वाटतं. त्यानंतर मुलीने स्वतःहून एक नकाशा काढला आणि प्रत्येक बाटलीचं गाव त्यावर लिहिलं. तो राखाडी भिंतीवर, सायफनच्या खाली लावला. माझ्या यादीत तो नव्हता, पण पाहुणे आता सगळ्यात आधी त्याच्यापाशी थांबतात.

शेवटी सव्वीस बाटल्या ठेवल्या. काही स्वयंपाकघरात वापरात गेल्या, बाकीच्या त्यांनी एमाऊसच्या दुकानाला दिल्या. आबे पिएर यांनी १९४९ साली सुरू केलेली ही संस्था. दान आलेल्या वस्तू विकून गरजूंना काम आणि निवारा देते. पाच फळ्यांच्या दोन राहिल्या. पोटमाळ्याच्या कठड्यावरच्या सगळ्या बाटल्या काढल्या, कारण मुलगी वर झोपते आणि खाली सोफा आहे.

खिडकीची फळी सुटी ठेवण्याचं आणखी एक कारण होतं. ८ डिसेंबरला ल्योंकर खिडकीच्या कट्ट्यावर छोट्या पन्हाळीदार काचेच्या पेल्यांत मेणबत्त्या लावतात. १८५२ साली फूरव्हिएरवर मेरीच्या पुतळ्याचं अनावरण झालं तेव्हापासूनची ही रीत. दिवाळीतल्या पणत्यांनंतर काही आठवड्यांनी हे घर पुन्हा उजळतं. त्या रात्रीपुरत्या 'पो' आणि ताऱ्यांच्या बाटल्या खाली उतरवायच्या. गरम मेणाजवळ जुनी काच नको.

एक भिंत अजून रिकामी आहे. तिथे मुलीला अत्तराच्या कुप्या हव्यात. नॉर्मंडीच्या सीमेवरच्या ब्रेल खोऱ्यात आजही जगभरच्या अत्तरांसाठी काचेच्या कुप्या होतात, तेव्हा जुन्या मिळणं कठीण नाही. मी दोन अटी घातल्या आहेत. कुप्या मुलीच्या नजरेच्या उंचीला, दाराच्या उथळ कपाटात ठेवायच्या, कारण लांबून त्यांचं काहीच दिसत नाही. आणि घेताना काचेचं बूच त्याच कुपीचं आहे का ते फिरवून बघायचं. ही बुचं एकेका मानेसाठी घासून बसवलेली असतात. दुसऱ्या कुपीचं बूच डुगडुगतं किंवा अडकून बसतं, आणि अडकलेलं ओढून काढताना मान तुटते.